गोलामागची सुंदराकाकू

आमच्या बांधावर बसणाऱ्यांना फुटबॉल कळत नाही असं ज्याला वाटतं, त्याने एक सकाळ आमच्यात येऊन बसावं. मी माझ्या शेजारची जागा देईन. खेळ कुठलाही असला तरी माणूस खेळतो दोन पायांवरच, आणि पाय बघण्यात माझी उमर गेली आहे. जिल्ह्याच्या कबड्डी संघात मी उजवा कोपरा सांभाळायचे. चढाईला आलेल्या बाईची कंबर बघून ती कुठल्या अंगाला वळणार ते मला आधी कळायचं, आणि तिला कळेपर्यंत तिचा घोटा माझ्या हातात आलेला असायचा. आता पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण नजर तीच आहे. आवाजही तोच आहे. सुंदराकाकू शेतात बोलली की नाक्यावर ऐकू येतं, असं लोक म्हणतात. म्हणू देत.

यंदा दसरा झाला आणि दर्या एफसी नावाचा मुंबईचा व्यावसायिक क्लब मोसमाआधीच्या सरावासाठी आमच्याकडे उतरला. कुंभिवलीवरून आत आलं की एक रिसॉर्ट आहे, त्यांनी हिरवंगार मैदान केलं आहे. मैदानाच्या एका टोकाला गोल, गोलामागे तारेचं कुंपण आणि कुंपणाला चिकटून आमच्या शेताचा बांध. भात पिवळं होऊन कापणीला आलेलं. माणसं विळे घेऊन घरातून निघायची ती बांधावर येऊन बसायची, आणि ऊन चढून खेळाडू आत गेले की मग त्यांना कापणी आठवायची.

बसायचं म्हणजे नुसतं बघायचं नाही. आमच्या भागात कबड्डीच्या सामन्याला जाऊन माणूस गप्प बसला, तर लोक त्याची तब्येत विचारतात. तिथे प्रेक्षकाने खेळाडूला ओरडून सांगायचंच असतं, आणि सांगितलेलं ऐकलं नाही तर सामन्यानंतर त्याला गाठून जाबही विचारायचा असतो. फुटबॉललाही आम्ही तोच कायदा लावला. दोन दिवसांत सगळ्यांना नावं पडली. उंच बचावपटू तो खांब. चेंडू पायात घोळवत बसणारा आणि कुणालाच न देणारा तो जिलेबी. आघाडीला खेळणारा मिझोरामचा पोरगा, ज्याची किक सुटली की झाडावरची पाखरं उडायची, तो गोफण. रिक्षा चालवणारा धनेश रोज सगळ्यांना दहापैकी मार्क द्यायचा. गौराबाईचं वय ऐंशीच्या घरात, तिचं माप वेगळं.

"ह्या खांबाला वाकता येत नाय गं," ती म्हणायची. "असा जावई आणला तर भात कोन लावल?"

"गौराबाय, त्याला गोल वाचवायचा हाय, भात नाय लावायचा," धनेश म्हणाला.

"ज्याला वाकता येत नाय, त्याला कायच येत नाय."

चौथ्या दिवशी कोचने खांबाला बाहेर बसवलं. खालून येणारे चेंडू त्याच्या पायाखालून निसटत होते. तेव्हापासून गौराबाईच्या शब्दाला बांधावर वजन आलं.

पण आम्ही सगळे खरे जात होतो ते अझहरसाठी. अझहर म्हणजे खालापूर नाक्यावर टायरचं दुकान आहे त्या सुलेमानभाईंचा मुलगा. लहानपणी तो माझ्याकडे कबड्डी शिकायला यायचा. अंगाने काटकुळा, पण हात असे की लांबून फेकलेला पेरूसुद्धा त्याच्या हातून सुटायचा नाही. मीच त्याच्या आईला, अमिरुन्निसाला, सांगितलं होतं की ह्याचे हात चढाईत फुकट जातील, ह्याला चेंडूच्या खेळात घाला. मग तो मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या मैदानावर जायला लागला आणि गोलकीपर झाला. आता क्लबने त्याला शिबिरापुरतं बोलावलं होतं. तिसऱ्या गोलकीपरची एकच जागा होती, आणि तिच्यासाठी दोघं होते, हा आणि कोल्हापूरचा एक पोरगा. सुलेमानभाईंनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं: क्लबने घेतलं तर जा, नाही घेतलं तर दिवाळीनंतर दुकानात बस, फुटबॉल पुरे झाला.

असा पोरगा आपल्यापासून दहा हातांवर उभा आहे आणि आपण तोंड मिटून बसायचं? मला ते जमणारं नव्हतं. पेनल्टीचा सराव नेमका आमच्या बाजूच्या गोलावर व्हायचा. अझहरची पाठ माझ्याकडे, म्हणजे त्याचा डावा तोच माझा डावा. समोरून किक मारणारा धावत यायचा. मी त्याची कंबर बघायचे. डोळे फसवतात, खांदे फसवतात, पण कंबरेला खोटं बोलता येत नाही. त्याचा शेवटचा पाय टेकला की मी ओरडायचे, "डावा रं!" किंवा "उजवा रं!", आणि अझहर तिकडे उडायचा. चेंडू त्याच्या हातात.

कोच केरळचे, त्यांना मराठी औषधालाही येत नव्हती. त्यांना वाटायचं, गावातली बाई आनंदाने ओरडते आहे. ते माझ्याकडे बघून हातही करायचे. मीही करायचे. आठवडाभर अझहरने इतके चेंडू अडवले की धनेशने त्याला दहापैकी अकरा दिले, आणि कोल्हापूरच्या पोराला कळत सगळं होतं, पण तो बिचारा तक्रार न करता दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत राहिला.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी अझहर घरी आला. मी ओटीवर तांदूळ निवडत होते, आमचे हे, सहदेव, बैलाला पेंढा घालून नुकतेच हात धूत होते. अझहर बसला नाही.

"काकू, उद्या पेनल्टीवर ठरवनार हायत. मी का तो कोल्हापूरचा," तो म्हणाला. "मंग तुमी उद्या येऊ नका."

मला वाटलं, चेष्टा करतोय. "का रं? माझी नजर लागते काय तुला?"

"आल्या तरी चालंल. पन वरडू नका."

तांदळाचं सूप मी खाली ठेवलं. "आठ दिस माझ्या वरडन्यावर चेंडू धरलेस आनि आता वरडू नका?"

"त्यासाठीच सांगतो." त्याचा आवाज बारीक झाला. "तुमचा आवाज आला की माझं अंग आपसूक तिकडं जातं. समोर कोन हाय, कसा येतो, मी बगतच नाय. आता ह्यातलं माझं किती आनि तुमचं किती, मलाच कळत नाय. त्यांनी मला घेतलं, तर मुंबईला गोलामागं तुमी असनार हाय का?"

ते ऐकून मला जास्तच राग आला. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. मी त्याला ते तोंडावर म्हणाले. वर असंही म्हणाले की लहानपणी गुडघा फुटला तेव्हा माझ्या पदराने रक्त पुसलं होतंस, तेव्हा नाही लागली लाज. ह्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण रागात माणूस जे हाताला लागेल ते फेकतो. पोरगा मान खाली घालून गेला.

"बरोबर बोलला तो," सहदेव म्हणाले.

"तुमी जेवायला बसा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी जाणार नव्हते. विळा घेऊन खरंच शेताच्या दुसऱ्या टोकाला कापणीला लागले. पण मैदानावरून शिट्टी ऐकू आली आणि हात थांबला. काही म्हणा, पोरगा माझा. मी बांधावर गेले आणि नेहमीच्या जागी बसले. सगळं गाव आलं होतं. धनेशने रिक्षा भर रस्त्यात सोडली होती.

"आल्या! आता बघा!" तो म्हणाला.

"मी आज वरडनार नाय."

"आज? आजच?" त्याने डोक्याला हात लावला. "काकू, पोराच्या जल्माचा प्रश्न हाय. रुसवे-फुगवे मागनं करा की."

मी पदराचं टोक दातांखाली धरलं आणि मिठाची गुळणी धरून बसले. धनेशलाच ‘तू ओरड’ म्हणायची सोय नव्हती, कारण त्याला कंबर वाचता येत नाही, त्याला फक्त मार्क देता येतात.

पाच जण पाच किक मारणार, दोन्ही गोलकीपरना तेच पाच. आधी कोल्हापूरचा उभा राहिला. त्याने एक अडवली. चांगली अडवली, खोटं का बोला. मग अझहर आला. त्याने मागे वळून बांधाकडे एकदा बघितलं. मी तोंडातला पदर दाखवला. तो हसला नाही, पण त्याचे खांदे खाली आले.

पहिला जिलेबी. उजवा, मला कळलं. अझहर डावीकडे गेला. गोल. दुसऱ्याचाही मला कळला होता, अझहर उशिरा उडाला. तिसराही आत गेला. तिन्ही वेळा माझ्या घशाशी शब्द आला होता आणि तिन्ही वेळा मी तो गिळला. माझ्या पदराला दातांची भोकं पडली असतील.

"काकू, पाया पडतो," धनेश रडकुंडीला आला होता. "एक डाव वरडा. एकच."

चौथा आला. डावा, कंबर स्वच्छ सांगत होती. अझहरही डावीकडेच गेला, आणि चेंडू त्याच्या मनगटाला लागून बाहेर. माझ्याशिवाय! मी उभी राहिले ते कळलंच नाही. बांध सगळा ओरडत होता, आणि मी एकटी तोंडात पदर कोंबून नाचत होते. बरोबरी झाली.

पाचवा गोफण. त्याला आठवडाभर मी पाठ केला होता. उजव्या पायाचा, पायातून आडवी ओढून मारणारा, त्याच्या निम्म्याहून जास्त किका उजवीकडे यायच्या. तो धावत आला. शेवटचा पाय टेकला. कंबर वळली. उजवा. माझ्या जिवाची पैज, उजवा. हा चेंडू अडला की अझहर क्लबचा, नाही अडला तर बरोबरी, पुन्हा किका आणि कदाचित टायरचं दुकान. पदर दातांतून सुटला. तोंड उघडलं. "उ" सुद्धा ओठांवर आला होता. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

अझहर डावीकडे उडाला. मी डोळे मिटले. चेंडू हातमोज्यावर बसल्याचा आवाज आला, असा भरीव, की डोळे उघडायची गरजच राहिली नाही. चेंडू डावीकडे आला होता.

मग काय गोंधळ झाला तो विचारू नका. धनेश कुंपणावर चढला आणि त्याची विजार फाटली. कोचने मैदानातच अझहरचा हात हातात घेतला, आणि त्यांच्या मदतनिसाने हिंदीतून सांगितलं की उद्या सामान घेऊन बसमध्ये बस. कोल्हापूरच्या पोराने येऊन त्याला मिठी मारली. कुणीतरी नाक्यावर सुलेमानभाईंना फोन लावला.

अझहर सगळ्यांतून सुटून कुंपणाशी आला. घामाने निथळत होता. "काकू, एक इचारू? शेवटच्याला तुमी काय वरडल्या असत्या?"

डावा म्हणून सांगितलं असतं तर माझं नाव राहिलं असतं. बांधावर कुणालाही पटलं असतं. पण त्याच्या तोंडाकडे बघून मला खोटं बोलवेना.

"उजवा," मी म्हणाले.

हातमोजा काढता काढता तो थांबला. "त्याची डावी मांडी सकाळपासून दुखत व्हती. दोनदा धरली त्यानं. त्या पायावर भार टाकून त्याला आडवी ओढता आलीच नसती. तुमाला लांबून दिसलं नसल."

"नाय दिसलं रं."

"मला पन दिसलं नसतं. आज तुमचा आवाज नव्हता, म्हनून बगत बसलो. तुमी वरडल्या असत्या तर मी उजवीकडं गेलो असतो, काकू. डोळ्याला डावा दिसला असता तरी उजवीकडंच. तुमचा आवाज आला की माझं दुसरं काय चालत नाय."

तो हे तक्रार म्हणून बोलला नाही. हवापाणी सांगावं तसं सांगितलं त्याने, आणि तेच मला लागलं. कबड्डीत मी कितीतरी जणींना पाडलं, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण एका शब्दाने मी ह्या पोराला पाडलं असतं, तेही त्याच्यावरच्या मायेपोटी, आणि वर तोच माझी समजूत काढायला आला असता. मी तारेतून हात घातला, त्याचा ओला हात धरला आणि कुंपणाला डोकं टेकून रडायला लागले.

"काय झालं गं सुंदरा?" मागून गौराबाई विचारत होती. गर्दीमागून तिला मैदान दिसत नव्हतं, फक्त माझं रडणं दिसत होतं. "हरला काय गं पोरगा?"