दोरीच्या मापाची टोपी

सिंधुताईच्या हातची टोपी कोणाच्याही डोक्याला बसायची. प्लांटच्या कॉलनीतल्या, सेक्टर दोनमधल्या बायका डोक्याभोवती गुंडाळून कापलेली दोरी तेवढी आणून द्यायच्या. सिंधुताई ती दोरी तिपदरी दुमडायची. क्रोशाच्या सुईने मधोमध एक कडं घालून फेरीगणिक टाके वाढवत ती सपाट चकती विणायची. चकतीची रुंदी दुमडलेल्या दोरीहून किंचित कमी असतानाच वाढवणं थांबवायचं आणि सरळ खाली कानापर्यंत विणत जायचं.

थंडी सुरू झाली तशी तिच्या नवऱ्याने, केवलरामने, अशीच एक दोरी तिच्यापुढे ठेवली. अगदी आखूड.

"ओमप्रकाशच्या नातवाले टोपी पाहिजे," तो म्हणाला.

"केवढा हाये?"

"असंल सहा-सात महिन्याचा."

ओमप्रकाश हा प्लांटमधला त्याचा जुना जोडीदार. सिंधुताईने सगळ्यात मऊ पिवळी लोकर काढली. विणताना तिला मोहितची, आपल्या एकुलत्या एका पोराची, आठवण येत राहिली. मोहितने परजातीच्या रेणूशी लग्न केलं, तेव्हा केवलरामने सिंधुताईला देवापुढे उभं करून शपथ घातली होती. "त्याच्याशी बोललीस तर माझं मेलेलं तोंड पाहशील." तिने ते पाळलं. सुरुवातीला मोहितचे फोन यायचे. ती वाजणाऱ्या फोनकडे बघत बसायची, उचलायची नाही. पुढे फोन यायचे बंद झाले. पोरगा रायपूरला आहे, एवढंच तिला ठाऊक होतं.

टोपी घेऊन केवलराम गेला. पुढे काही दिवसांनी भाजी घेताना तिला ओमप्रकाश भेटला.

"नातवाले टोपी बसली का, भाऊजी?"

"कौन-सा नाती, भाभी? मेरी बिटिया की तो अभी शादी भी नहीं हुई।" तो हसला. मग म्हणाला, "आप मोहित के बेटे की बात कर रही हैं क्या? केवलराम ने फोटो दिखाया था। पीली टोपी में बहुत प्यारा लग रहा था।"

सिंधुताईच्या हातातली पिशवी खाली टेकली.

"कुठं राहते मोहित आता?"

ओमप्रकाशचा चेहरा उतरला. तिला काहीच माहीत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. तरी त्याने पत्ता सांगितला. रायपूर नाही, याच शहरातलं नेहरू नगर, कोचिंग क्लासच्या मागची गल्ली.

भाजी तिथेच सोडून तिने ऑटो केला.

दार मोहितने उघडलं. बघतच राहिला. "आई? तू कशी आली?"

"मले कोणी सांगितलंच नाही, बाबू."

"सांगितलं नाही? बाबा तर दर रविवारी येतात. म्हणतात, तुझी आईच ऐकत नाही, तिनंच मले शपथ घातली, मी तिच्यापासून लपून येऊन राहिलो. म्हून मी फोन करणं बंद केलं."

सिंधुताई दारातल्या खुर्चीवर बसली. आतून रेणू बाळाला घेऊन आली आणि तिने त्याला सिंधुताईच्या मांडीवर ठेवलं. टोपी नीट बसली होती. सिंधुताईला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. छातीत नुसता जाळ पेटला होता. नातू झाला, बसायला लागला, आणि हे सगळं ठाऊक असलेला आपल्याच घरातला माणूस रोज समोर जेवत होता.

संध्याकाळी केवलराम चहा पीत बसला होता. ती समोर उभी राहिली.

"तुमची शपथ माह्या नावावर कशाले टाकली?"

त्याने कप खाली ठेवला.

"पोरापुढे झुकलो असं दिसलं असतं. तुह्यं नाव सांगितलं तर... आईचं कोणाले वाईट नाही वाटत, असं वाटलं मले. सांगणारच होतो तुले."

"मी पोराचा फोन नाही उचलला. तुमच्यासाठी. तुमी तिकडं नातू खेळवून राहिले, अन् टोपी माह्याकडूनच विणून घेतली!"

"चूक झाली, सिंधू."

"मले नका सांगू. त्याले सांगा. आता, माह्यासमोर."

तिने स्वतः नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. केवलराम अडखळत बोलला. "शपथ माझी होती, तुझ्या आईची नाही." पलीकडून मोहितने फोन बंद केला.

"झालं ना आता?" केवलरामने विचारलं.

"रविवारी मी जाईन," ती म्हणाली. "तुमी घरी राहायचं. पोरानं बोलावलं तर या."

तेव्हापासून ती जाते. घरात स्वयंपाक होतो, त्याचा डबा भरला जातो, पण पहिल्यासारखं बोलणं नाही. मोहितने बापाला अजून बोलावलेलं नाही. ती परतली की केवलराम दारातच विचारतो, "पोरगं कसं हाये?"

"चांगलं हाये," म्हणून ती आत जाते. नातवाचा नवा फोटो तिच्या फोनमध्ये असतो. तो तिने त्याला एकदाही दाखवला नाही.