आईचा बुधवार

बाबा कंपनीतून निवृत्त झाले, त्याच्या पुढच्याच शनिवारी त्यांनी आईला आणि मला दुपारी सुशी खायला न्यायचं ठरवलं. निंग्योचो भागातलं दुकान ऑफिसातल्या कुणीतरी सुचवलं होतं. बाबांनी आयुष्यभर सुशी खाल्ली ती साहेबांबरोबर, गिंझाच्या महागड्या दुकानांत, कंपनीच्या खर्चाने. आईच्या वाट्याला यायचा तो त्यांनी घरी आणलेला डबा, गार होऊन भात घट्ट झालेला.

भुयारी रेल्वेत बाबांनी तिची शिकवणीच घेतली.

"हे बघ तामाए, भाताची मूद सोया सॉसमध्ये बुडवायची नाही. उलटी करून नुसता वरचा मासा टेकवायचा. आणि तिथे उगाच बडबड करायची नाही. काय हवं ते मी सांगेन."

"बरं," आई म्हणाली.

दुकान छोटंसं होतं, एकच लांब लाकडी काउंटर. दारावरचा पडदा सारून बाबा आधी आत शिरले. काउंटरपलीकडे मालक कुरामोची सुरी पुसत होते. त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला. मग मागून येणारी आई त्यांना दिसली.

"अरे, तामाएताई! आज शनिवारी कशा काय? या, तुमची जागा रिकामीच आहे."

बाबांचा कोट एका बाहीतून निघालेला, तो तसाच लोंबत राहिला. आई शांतपणे भिंतीकडेच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"तू इथे येतेस?"

"दर बुधवारी. मी कामाला जाते ते शिवणाचं दुकान मागच्याच गल्लीत आहे ना."

"कधीपासून?"

"चिनात्सु शाळेत जायला लागली तेव्हापासून."

चिनात्सु म्हणजे मी. माझी स्वतःची मुलगी आता शाळेत जाते.

"आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"लग्न झाल्यावर म्हटलं होतं, मलाही न्या एकदा. तुम्ही म्हणालात, काउंटरवर बायका शोभत नाहीत. मग पुन्हा नाही विचारलं. एकटीच आले."

कुरामोची मान खाली घालून मासा कापत राहिले. जरा वेळाने त्यांनी बाबांना विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"

"टूना."

"साधा की चरबीचा?"

"साहेब चरबीचा घ्यायचे."

"साहेब घेऊ देत हो. तुम्हाला काय आवडतं?"

बाबांचे कान लाल झाले. आता हे उठून जाणार, असं मला वाटलं. इतक्या वर्षांत साहेबांनी मागवलं तेच त्यांनीही मागवलं होतं. त्यांना खरंच सांगता येईना.

आईने हात पुसायचा गरम रुमाल त्यांच्यापुढे सरकवला. "अहो, आधी नीट बसा. कुरामोचीसान, ह्यांना व्हिनेगरमधला बांगडा द्या. मग वाम. आणि तिखट वासाबी अगदी कमी, ह्यांना सोसत नाही."

"मला सोसते!"

"नाकातून पाणी येतं तुमच्या. डब्यातली खरवडून टाकता, बघते ना मी."

कुरामोचींना हसू आवरलं नाही. बाबांनी बांगडा खाल्ला. मग हळूच म्हणाले, "आणखी एक मिळेल?"

जेवताना आई बोलत राहिली. कुरामोचींच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन, त्यांच्या पुतण्याचं मोडलेलं लग्न, सगळं तिला ठाऊक होतं. बाबा घास हातात धरून ऐकत होते. आईला इतकं बोलताना मीही घरी कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर पडल्यावर बाबांनी विचारलं, "बुधवारी मीही येऊ?"

"नको. बुधवारी मी एकटीच येते."

"मग मी घरी बसून करू काय?"

"तुम्हीही एखादं दुकान शोधा."

बाबा बरेच दिवस रुसून होते. मग स्टेशनजवळच्या, सरकत्या पट्ट्यावरून सुशीच्या बश्या फिरतात त्या स्वस्त दुकानात ते जायला लागले. साहेबांचा तो चरबीचा टूना आपल्याला मुळीच आवडत नाही, हे त्यांना तिथे कळलं. आता ते शाळकरी पोरांच्या रांगेत बसून अंड्याची गोडसर सुशी खातात, बशीवर बशी.

परवा आई म्हणाली, "अंडंच खायचं तर मी घरी करून देते की!"

"तू साखर कमी घालतेस," बाबा म्हणाले आणि छत्री घेऊन निघाले.