परत फिरणारा उजेड

गावातल्या निम्म्या नाकांवर चष्मेवाल्याने घासलेली भिंगं होती, आणि त्याची स्वतःची बायको मात्र दिवसेंदिवस धुक्यात चालली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, वर्षभरात माणसं ओळखू येणार नाहीत, उजेड आणि हालचाल तेवढी कळत राहील. चष्मेवाला दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "लग्नात तुला हिऱ्याची अंगठी द्यायची राहूनच गेली. चल, दिसतंय तोवर घेऊ."

"आता या वयात कशाला?" ती म्हणाली खरी, पण केस नीट विंचरून, त्याचा दंड धरून निघाली.

हिरेवालीचं दुकान दुपारचं पेंगत होतं. छतातल्या बारीक दिव्यांखाली सगळंच लखलखत होतं, अगदी हिरेवालीच्या चष्म्याची काडीसुद्धा. तो चष्माही यानेच केलेला. बायको खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. त्या लखलखाटात तिच्यासाठी ती खोली म्हणजे नुसते तरंगणारे उजेडाचे डाग होते, आणि त्यातला एक डाग नवऱ्याचा, एवढं तिला ठाऊक होतं.

चष्मेवाल्याने पाकीट पुढे सरकवलं. "यात बसेल ते दाखवा. याच्यावर झेपायचं नाही."

हिरेवालीने दोन खडे ठेवले. एक मसुरीच्या दाण्याएवढा, दुसरा मोहरीहून जरासा मोठा. किंमत दोन्हींची सारखीच.

चष्मेवाल्याने चाळीस वर्षं जे केलं तेच केलं. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर खडे पालथे ठेवले आणि त्यांतून वाचू लागला. मोठ्यातून छापील अक्षर स्वच्छ दिसलं. लहानातून काही म्हणता काही दिसेना.

"हा मोठाच द्या," तो खुशीत म्हणाला. "तो दुसरा आंधळा आहे."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. चोरून खुर्चीकडे पाहिलं.

"अहो, चष्मा घ्यायला आलात की हिरा?" हिरेवाली हसली. "भिंगाने उजेड पलीकडे जाऊ द्यायचा, हिऱ्याने तो परत द्यायचा. हा मोठा दिसावा म्हणून पसरट कापलाय, सगळा उजेड खालून गळून जातो. आणि या दिव्यांखाली तर काचही मिरवते. थांबा."

तिने छतातले दिवे घालवले. दुकानात खिडकीचा मऊ उजेड तेवढा उरला, आणि क्षणभर तिघंही पाण्याखाली बसल्यासारखी वाटली. हिरेवालीने लहान खडा चिमट्यात धरून चष्मेवाल्यासमोर हळूच फिरवला. मूर्ती लहान, पण पैलू पाडणाऱ्याने जीव ओतला होता.

चष्मेवाल्याला तरी पटेना. चाळीस वर्षांची खोड एका दुपारीत जाते होय?

"अहो," बायको म्हणाली, "तुमच्यापाशी काय हललं?"

"कुठे?"

"तिथेच. आता थांबलं. हे बघा, पुन्हा."

त्याने घाईने चिमटा मागून घेतला, मोठा खडा त्यात धरला आणि तसाच फिरवला. "आता?"

"आता काहीच नाही."

त्याने मोठा खडा गुपचूप परत सरकवला.

माप घ्यायला हिरेवाली कड्यांचा जुडगा घेऊन खुर्चीपाशी गेली, तेव्हा बायकोने हात मागे घेतला.

"माझ्या बोटात काय करायचाय तो? माझा हात कुठे आहे हे मला न बघताही कळतं. यांच्या बोटाचं माप घ्या."

"अगं, अंगठी तुझी."

"माझीच आहे. तुम्ही घालायची."

हिरेवालीने लहान खडा उचलून त्याच्या दोन बोटांच्या बेचक्यात ठेवला, कसा दिसतो ते पाहायला. चष्मेवाल्याने हात खिडकीकडे धरला. कितीही आवरला तरी तो हात स्थिर राहीना, आणि बेचक्यातला खडा लुकलुकत राहिला.

"रडू नका," बायको खुर्चीतून म्हणाली. "दिसतंय मला."