मुठेल प्यालेली पायरी

मित्रांनो, मी वेळणेश्वरातली एक जुनी पायरी आहे, काशीरामच्या मागच्या दाराची. अंगाने जांभा, म्हणून तोंडभर खड्डे. हसू नका! पाथरवट सुलेमानचाचाने मला खाणीतून काढलं तेव्हा मी लालबुंद होते. जांभा ताजा कापला की लाल असतो, मग पाच-सहा पावसाळे खाऊन काळा पडतो. एवढं लक्षात ठेवा.

काशीराम सुट्टीला, नवसाला येणाऱ्या मुंबईकरांना खोल्या द्यायचा. ते दमून माझ्यावर टेकत आणि म्हणत, "काय गार वाटतंय गो इथं!" मी अगदी फुशारून जायची.

वैशाखात त्याची बायको गंगुबाई माझ्यावर बसून मुठेल वळायची. कोकमाच्या बिया कुटून उकळायच्या, वर आलेलं तेल थिजलं की मुठीत गोळे करायचे. फुटलेल्या टाचांना त्यासारखं औषध नाही. पण ते माझ्या खड्ड्यांत मुरतं, म्हणून ती मला राख चोळून कढत पाण्याने धुवायची. एकोणीसशे चौतीस साली मात्र ती राख आणायला उठली आणि काशीराम ओरडला, "राहू दे गो ती पायरी! उतारू आलेत, आधी चहा ठेव."

आले होते हौसा आणि तिचा नवरा केरू. हौसा गिरणीत दिवसभर उभी राहून राबायची. ओल्या पायाने ती माझ्यावर उतरली आणि सटकली. माझ्या कोपऱ्यावर तिच्या नडगीचं हाड काडकन मोडलं, कातडी फाडून बाहेर आलं. काय ती किंकाळी! तिचं गरम रक्त माझ्या खड्ड्यांत भरलं. मला कान मिटता येत नाहीत हो.

केरूने काशीरामची मानगूट धरली. "पायरीवर तेल ठेवतोस मेल्या? हिचा पाय गेला तर गिरणीवाले हिला उभी करतील काय? भरपाई दे!"

"तुझी बाई आंधळी, मी काय करू?" म्हणत काशीरामने त्याच्या थोबाडीत भडकावली. दोघे अंगणात लोळले, ओठ फुटले. शेजाऱ्यांनी ओढून सोडवलं आणि पंच बोलावले.

हौसाला वैद्याकडे नेलं, तेवढ्यात काशीराम टाकी-हातोडा घेऊन माझ्यावर तुटून पडला. घावागणिक माझा टवका उडत होता. मी मुळातच खरबरीत होते, असं त्याला दाखवायचं होतं.

"हात लावून बघा!" तो पंचांना म्हणाला. "हिच्यावर माशी घसरायची नाही."

पंचांबरोबर सुलेमानचाचा होता. तो वाकला. "काशीराम, हिला मी बसवून बारा वर्षं झाली. सगळी पायरी काळी, मग टाकीचे घाव तेवढे लाल कसे रे?"

काशीरामचं तोंड उतरलं. "मीच मुठेल वळलं होतं," गंगुबाई पुढे होऊन म्हणाली. त्याने हात उगारला, पण ती हलली नाही. "मारा. पण त्या बाईचा पाय खोट्यात घालवू नका."

काशीरामने आपल्या पोफळीच्या बागेचं अर्धं उत्पन्न जन्मभर हौसाला द्यायचं, असा पंचांनी निकाल दिला. पाय वाकडाच बसला. गिरणी सुटली ती सुटलीच.

निकाल ऐकला त्याच दिवशी काशीराम चिडून पहार घेऊन मला उखडायला धावला. वैद्याकडून आणलेली, ओटीवर पाय बांधून पडलेली हौसा ओरडली, "ऱ्हाऊ दे तिला! आता तिच्यावर कोण पडायचं न्हाय."

आणि खरंच कोणी पडलं नाही. खोटं लपवायला मारलेले ते घाव आता काळे पडलेत, पण येणाऱ्याचा पाय घट्ट धरतात. चार वर्षांनी हौसा काठी टेकत आली, तेव्हा तिलाही मी धरलं.

मित्रांनो, तुमच्याकडे पाहुणा यायचा असेल तर चहा मागाहून ठेवा. आधी पायरी धुवा.