राहिलेलं अर्थिंग

त्या रविवारी दुपारी आई शेजारच्या बाजूने डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणी पडली होती आणि लेक ड्रायव्हरच्या सीटवर बसून, हुकूम येईल तसा, ॲक्सिलरेटर दाबत होती. लेकीच्या गाडीच्या स्पीकरमधून एक बारीक शीळ येत होती. इंजिनाने जोर धरला की शीळ चढायची, इंजिन मंदावलं की उतरायची.

"आहे?" खालून प्रश्न आला.

"आहे."

"प्लेअरचा आवाज पार शून्यावर ने. आता?"

"आहेच. तेवढाच."

"मग त्या बिचाऱ्या प्लेअरला सोडून देऊ. चोर पुढे कुठेतरी आहे."

आईने अर्धं आयुष्य गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधणाऱ्या कारखान्यात काढलं होतं आणि नंतर घराच्याच गॅरेजात स्पीकर बसवायचं दुकान थाटलं होतं. सुरुवातीला गिऱ्हाईक विचारायचं, "साहेब आहेत का?" आई म्हणायची, "साहेब आत भाजी चिरतायत. गाडी मीच बघते." साहेब, म्हणजे लेकीचे बाबा, छापखान्यातून परत आलेले असले तर खरंच भाजी चिरत असायचे.

काम संपलं की आई गिऱ्हाइकाला सीटवर बसवायची, इंजिन चालू करायला लावायची आणि एकही गाणं न लावता आवाज वाढवायला सांगायची. "गाणं काय, कोणीही ऐकवेल. ही शांतता ऐका." माणूस खूश होऊन थँक्यू म्हणायचा. घरात मात्र त्या शब्दाला बंदी होती. लहानपणी लेकीने एकदा दुधाच्या पेल्यावर थँक्यू म्हटलं, तेव्हा आई हसली होती. "थँक्यू म्हणून जातं ते गिऱ्हाईक. न म्हणता राहतं ते घरचं." त्यानंतर तिने तो शब्द आईपुढे कधी काढला नाही.

"एका वेळी एकच गोष्ट हलवायची," डिकीतल्या ॲम्प्लिफायरशी जाताना आई म्हणाली. "दोन हलवल्या की पाप कुणाचं ते कळत नाही." प्लेअरकडून येणाऱ्या पिना तिने ॲम्प्लिफायरमधून उपसल्या. शीळ गेली. परत लावल्या, शीळ हजर. म्हणजे ॲम्प्लिफायर निर्दोष. मग गाण्याची वायर आणि बॅटरीची वायर शेजारी शेजारी होत्या, त्या तिने गाडीच्या दोन कडांना फाकवल्या. शीळ निम्मी झाली.

"आता राहिलं अर्थिंग," आई हात पुसत म्हणाली. "वायरीने गाडीच्या पत्र्याचं बोट धरलेलं असतं बघ. पकड सुटली की पोर भोकाड पसरतं. जुन्या जागी गंज आला असणार. उद्या बघू."

संध्याकाळी लेक छापखान्याची मुद्रितं तपासायला बसली. आई "जरा डिकी लावून येते" म्हणून गेली ती बऱ्याच वेळाने परतली.

"डिकी लावायला एवढा वेळ?" बाबांनी विचारलं.

"झाकण जड आहे हो," आई म्हणाली आणि काळी बोटं धुवायला गेली.

सोमवारी सकाळी आई उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

नंतर जे करायचं असतं ते सगळं झालं. कपाट रिकामं झालं, दुकानाची पाटी उतरली, शेवटच्या गिऱ्हाइकाची गाडी दुसऱ्या मेकॅनिकने पुरी केली. लेकीच्या गाडीतली शीळ तेवढी राहिली. त्या मेकॅनिकने दोनदा विचारलं, ती दोन्ही वेळा नको म्हणाली. आईने हातात घेतलेलं एवढं एकच काम अजून चालू होतं. शीळ थांबली की तेही संपणार होतं.

"डास पाळलायस," एके दिवशी गाडीतून उतरताना बाबा म्हणाले.

"तुम्हाला कुठे ऐकू येतो?" छपाईयंत्रांशेजारी उभं राहून राहून बाबांच्या कानांनी बारीक आवाजांशी केव्हाच काडीमोड घेतला होता.

"मला शीळ नाही ऐकू येत. पण तुझं तोंड दिसतं ना," बाबा म्हणाले. "तिने कुणाची गाडी अर्धवट परत दिली होती का? मग घरचीच का ठेवायची?"

 तिने आईची हत्यारांची पेटी काढली आणि बाबांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

"गेला!" बाबांनी लगेच जाहीर केलं.

"बाबा, अजून सुरुवात नाही केली. तुम्ही फक्त पाय द्या. कान माझे."

इंजिन बंद करून तिने आईच्या शिस्तीप्रमाणे आधी बॅटरीची एक वायर सोडवली, मग डिकीतली चटई उचलली. ॲम्प्लिफायरची अर्थिंगची वायर जुन्याच बोल्टला होती, भोवती तांबूस गंज. आणि तिथून वीतभर अंतरावर, गाडीच्याच एका रिकाम्या बोल्टभोवती, रुपयाएवढा रंग खरवडून पत्रा लख्ख केलेला होता. बोल्ट दोन आटे सैल, त्याखाली नवा दातेरी वॉशर, आणि पत्रा गंजू नये म्हणून वर ग्रीसचा पातळ हात. ग्रीसमध्ये एक अंगठा उमटला होता.

"काय झालं?" बाबांनी मान वळवली.

"आईने सगळं करून ठेवलंय. फक्त वायर हलवायची राहिलीय."

 बाबा म्हणाले, "तरीच. झाकण जड होतं म्हणाली."

ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली. ग्रीस पुसल्याशिवाय वायरीला पत्रा नीट भिडणार नव्हता, हेही आईनेच शिकवलं होतं. तिने स्वच्छ फडकं घेतलं आणि पुसलं. वायर नव्या जागी आणली, बोल्ट आवळला, बॅटरी जोडली आणि बाबांच्या शेजारी येऊन बसली.

"द्या पाय."

इंजिन घुमलं. तिने गाणं न लावता आवाज वाढवत शेवटापर्यंत नेला. बाबांनी पाय आणखी दाबला. इंजिन ओरडत होतं आणि स्पीकर गप्प होते. आई परक्या माणसांना ऐकवायची ती शांतता आज तिच्या वाट्याला आली होती. आईने जाण्याच्या आदल्या संध्याकाळीच तयार करून ठेवलेली.

"गेला?" बाबांनी या वेळी विचारलं.

"गेला."

बाबांनी पाय काढला. ती समोरच्या काचेकडे बघत, बाबांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "थँक्यू, आई. आणि म्हटलं म्हणून मी काही जात नाही."