वळणावरचा खांब

तिठ्यावर आल्यावर नलिनीने हातातला अँटेना आधी पंपहाउसकडे धरला. हेडफोनमधली खरखर कमी झाली. मग मंदिराकडे धरला, आणखी कमी. आता मनावर गावाकडे जाणाऱ्या रस्त्याची एकच बाजू उरली होती. ती तिकडे न बघता थोडा वेळ नुसतीच उभी राहिली. शेवटी अँटेना वळवला, आणि कानात खरखर अशी उसळली की तिला आवाज कमी करावा लागला.

तिचा नवरा दीपेश गेल्यापासून ती त्या रस्त्याने गेली नव्हती.

अमझेरा गावाबाहेरच्या माळावर एका संशोधन केंद्राच्या अँटेन्यांच्या रांगा उभ्या आहेत. अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी तिथे टिपतात. त्या इतक्या क्षीण असतात की शेजारच्या शेतात कोणी वेल्डिंग केलं तरी बुडून जातात. असा गोंगाट कुठून येतो ते हुडकायचं आणि गोडीगुलाबीने बंद करवायचा, हे नलिनीचं काम. लग्नाआधी देवासच्या आयटीआयमधून तिने इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं, ते नवरा गेल्यावर उपयोगी पडलं. कुणाच्या कुंपणाचं झटका-मशीन, कुणाचे स्वस्तातले एलईडी, कुणाची जुनी मोटर, सगळं तिने शोधून काढलं होतं. गाडी थांबली की लोक आता लांबूनच ओरडत, "भाभी, हमारा तो बंद है!"

आजचा गोंगाट मात्र कुणाच्या घरातला नव्हता. खांबामागून खांब ती पुढे जात राहिली. आवाज वाढत गेला आणि वळणावरच्या खांबाशी येऊन ठेपला.

याच खांबावर दीपेश गेला. तो लाइनमन होता. लाइन बंद करवून वर चढला होता. त्याच लाइनवर लांब काम करणाऱ्या दुसऱ्या टोळीतल्या कुणीतरी सबस्टेशनला फोन केला, काम हो गया. ऑपरेटर गणपतरावांना वाटलं, सगळ्यांचंच झालं. त्यांनी लाइन चालू केली. चुकून वीज आली तर ती जमिनीत जावी म्हणून वरच्या तारा जमिनीला जोडतात, त्या घाईत जोडायच्या राहिल्या होत्या. पुढे चौकशी झाली. कुणावर काही ठरलं नाही.

खांबाखाली कोणीतरी बसलं होतं. डोक्यावरून शाल, गुडघ्यांना हातांची मिठी. दिवेलागणीची वेळ, वर धुकं उतरू लागलेलं. नलिनीने हेडफोन खाली घेतला. मग तिने ओळखलं. तिची सासू होती, यमुनाबाई.

"आई? तुम्ही तर रोज देवळात जाते म्हणून सांगता."

"हळू बोल," यमुनाबाई म्हणाल्या. "बस इथे. थंडीत चांगला ऐकू येतो. उन्हाळ्यात गप्प असतो."

वरून बारीक आवाज येत होता. तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा.

नलिनी उकिडवी बसली. "आई, वरचा चिनीमातीचा इन्सुलेटर तडकलाय. त्यावर दव पडलं की वीज तिथून गळते. त्याचा आवाज आहे हा."

"ते मला कळतं गं. लाइनमनची आई आहे मी." त्यांनी मान वर केली नाही. "वीज बोलते ती वेगळी. ती सोड. मधेच थांबते ना, तेवढं ऐक."

आवाज चालू होता, आणि एकदम थांबला. दीपेश बोलता बोलता असाच थांबायचा. पुढचं वाक्य सापडेपर्यंत समोरच्याकडे बघत राहायचा. खांब पुन्हा चरचरू लागला तेव्हा नलिनीच्या लक्षात आलं, आपण श्वास रोखून धरला होता. 

दुसऱ्या दिवशी केंद्रात वेदिकाने विचारलं, "सापडलं का काही?" वेदिका पुण्याहून आलेली संशोधक. वयाने लहान, पण नलिनीला नेहमी अहोजाहो करायची.

"अजून नाही मॅडम."

"तोवर कॉम्प्युटर नोंदीतला तेवढा भाग कापून टाकेल. पण नलिनीताई, गोंगाटाबरोबर त्याच्याखाली जे असतं तेही कापलं जातं. काय होतं, ते मग कधीच कळत नाही."

 खोटं बोलायची तिला सवय नव्हती. हे कसं काय सहज बोलून गेले, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

मग ती रोज संध्याकाळी तिथे जाऊ लागली. यमुनाबाई सरकून जागा देत. दोघी एकमेकींशी बोलत नसत. हेडफोन घातला की चरचर मोठी होऊन कानात शिरे, आणि थांबे तेव्हा त्या पोकळीत नलिनी काहीतरी शोधत राही. काम कधीच संपलेलं असे. तरी हेडफोन काढावासा वाटत नसे. एकदा घरी भाकरी थापतानाही तिला तो थांबा ऐकू आला, आणि ती "काय?" म्हणून गेली. चुलीपुढे कोणी नव्हतं.

एका संध्याकाळी वर काहीतरी कडकडलं आणि यमुनाबाईंच्या गुडघ्यापाशी धप्पकन पडलं. चिनीमातीचा तुकडा होता, मुठीएवढा. नलिनीने वर पाहिलं. तार एका बाजूला झुकली होती.

"आई, उठा. आधी उठा इथून!"

"अगं पण—"

"तार तुटून खाली आली तर? या खांबाने एक माणूस नेलाय. तुम्हाला नाही नेऊ देणार मी!"

ती इतक्या जोरात ओरडली की रस्त्याने जाणारा मोटरसायकलवाला थांबला. यमुनाबाईंनी तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि होता तिथे ठेवला.  घरी आल्यावर त्या ताटावर बसल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून निजल्या.

"दुरुस्त झालं की तो बोलायचा नाही," अंधारात त्या एवढंच म्हणाल्या.

"नाही बोलायचा," नलिनी म्हणाली.

सकाळी तिने वेदिकाला खरं सांगितलं, आणि वीज कार्यालयात अर्ज दिला. काम खंडोजीकडे आलं. खंडोजी दीपेशचा जोडीदार. त्या दिवशी खाली दोर धरून तोच उभा होता.

तो दारात येऊन उभा राहिला. आत यायला तयार होईना. "वहिनी, मी नाही चढणार. बाकी कुठलाही सांगा. वो खंबा ठीक नहीं है."

"मग कोणाला चढवायचं, भिया? नव्या माणसाला?"

तो टोपीशी चाळा करत राहिला. आतून यमुनाबाई बाहेर आल्या. रात्रभर जागल्यासारखे डोळे सुजले होते.

"तूच चढ," त्या म्हणाल्या. "मी खाली उभी राहते."

लाइन बंद झाली. खंडोजीने खालूनच लांब काठीने खांबावरच्या तारा जमिनीला जोडल्या, पुन्हा तपासल्या, खांबाला हात लावून कपाळाला लावला आणि चढला. ऊन चढू लागलं होतं. यमुनाबाई मान वर करून उभ्या होत्या. नलिनीने सावलीत बसायला सांगितलं, तर ऐकूच न आल्यासारखं केलं. वर पान्याचा आवाज होत होता. जुना इन्सुलेटर दोराने खाली आला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

नलिनीचा फोन वाजला. सबस्टेशनचा नंबर होता; अर्जावर तिचाच फोन दिलेला होता.

"काम झालं का?" पलीकडचा आवाज गणपतरावांचा होता. दीपेशच्या दहाव्यानंतर त्यांनी या घराला तोंड दाखवलं नव्हतं. धारच्या बाजारात नलिनी समोर आली, तर ते दुसऱ्या गल्लीत वळत.

ती उत्तर द्यायला गेली, तर यमुनाबाईंनी हात पुढे केला. नलिनीने फोन दिला.

"मी यमुना बोलते. दीपेशची आई."

त्यांनी वर खंडोजीकडे पाहिलं.

"वर माणूस आहे अजून. थांब."

"थांबतो, काकू," बऱ्याच वेळाने आवाज आला. "तुम्ही सांगाल तेव्हाच."

खंडोजी खाली उतरू लागला. यमुनाबाई त्याच्या प्रत्येक पावलाकडे बघत होत्या. त्याचे पाय जमिनीला लागले तेव्हा त्यांनी त्याला आपल्यासमोर उभं केलं, पट्टा सोडायला लावला आणि त्याच्या दंडावर हात दाबून पाहिला. खंडोजी चाळिशीचा माणूस, पण लहान पोरासारखा निमूट उभा राहिला. मग त्याने काठीनेच तारांचा जमिनीशी केलेला जोड काढला आणि तो दूर झाला.

"आला खाली," यमुनाबाई फोनमध्ये म्हणाल्या. "कर चालू."

"काकू, नक्की ना?"

"नक्की. माझ्यासमोर उभा आहे."

पंपहाउसची मोटर लांबवर घरघरली. लाइन आली होती. खांबावर काहीही वाजलं नाही. नलिनीने अँटेना वर धरला, हेडफोन लावला. अगदी मंद, सगळीकडे सारखी अशी फुसफुस होती. तिने ती थोडा वेळ ऐकली आणि हेडफोन काढून ठेवला.

"झालं, आई. चला. फोन द्या."

यमुनाबाईंनी मान हलवली. फोन तसाच कानाला होता.

"ठेवला नाही त्याने," त्या हळूच म्हणाल्या. "रडतोय."

खंडोजीने पुढे होऊन काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण त्यांनी बोट ओठांवर ठेवलं, आणि ऐकत राहिल्या.