बरं हाय म्हणणाऱ्यांचा राखणदार

मित्रांनो, मी विट्यातला एक जुना संगणक आहे. माझ्या अंगावर दोन राज्यांची धूळ आहे असे नानासो चेष्टेने म्हणतात, आणि ते काही खोटे नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला समज आली ती सेलमला, नानासोंच्या गलाईच्या दुकानात. गलाई म्हणजे जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. नानासो मूळचे म्हसवडकडच्या मेंढपाळ घरातले. लहान वयात परमुलखात कामाला गेले आणि पुढे स्वतःचे दुकान थाटले. मी त्यांची बिले छापायचो. भट्टीची धग, तेजाबाचा वास, दुपारी डब्यातली भाकरी आणि शेजारून येणारी तमिळ गाणी. सकाळी दुकान उघडले की नानासो देवाच्या आधी मला पुसायचे. काय दिवस होते ते! पुन्हा कधी यायचे नाहीत, हे कळते, तरी आठवतात.

गुडघे दुखू लागले तसे त्यांनी दुकान पुतण्याच्या हवाली केले आणि मला घेऊन ते विट्यातल्या घरी राहायला आले. इथे मला काम नव्हते. माझ्यावर एक जुने लुगडे टाकले गेले आणि त्यावर कुणीतरी लोणच्याची बरणी ठेवली. पुष्कळ दिवस मी त्या बरणीचे टेबल होतो.

मला त्यातून बाहेर काढले ते नानासोंच्या मुलीने, राणीने. ती इंजिनियर. तिने मेंढपाळांसाठी फोनवर बोलणारा एक एआय मदतनीस तयार केला होता. तो बोलायला गोड, पण नदीला किती पाणी आहे किंवा गुरांचा डॉक्टर आज कुठल्या गावात आहे, हे त्याला आपले आपण कसे कळणार? त्यासाठी तो टूल सर्व्हर नावाच्या दूरच्या यंत्रांना विचारतो. एक नदीचे सांगते, एक पावसाचे, एक डॉक्टरांचे. ती यंत्रे ठीक आहेत ना, हे बघण्याचे काम राणीने मला दिले. भिंतीवर प्रत्येकाच्या नावाचा एक दिवा लावला. ठीक असेल तर हिरवा, नसेल तर लाल आणि सोबत भोंगा.

सुरुवातीला मी दर थोड्या वेळाने एवढेच विचारायचो, "ठीक आहेस का?" पलीकडून लगेच "ठीक आहे" असे उत्तर यायचे आणि मी हिरवा दिवा लावायचो. मोठे सुखाचे काम होते.

पण एकदा काय झाले, राणीचे काका मल्हार आणि काकी बनाबाई मेंढरे घेऊन लांब रानात होते. राणी रोज फोन करायची, "काकी, बरं हाय का?" काकी म्हणायच्या, "बरं हाय." आमच्याकडे ताप चढलेला माणूससुद्धा बरं हाय म्हणूनच उत्तर देतो. राणी सहज भेटायला गेली, तर काका घोंगडी पांघरून थंडीने कुडकुडत पडलेले.

ती घरी आली ती रागातच. भिंतीवरचे हिरवे दिवे बघून म्हणाली, "तुमी सगळी काकीसारखीच हायसा."

त्या दिवसापासून तिने माझा प्रश्न बदलला. आता मी सर्व्हरची नुसती ख्यालीखुशाली विचारत नाही. त्याला खरे काम सांगतो. नदीला किती पाणी आहे ते दे म्हणतो, आणि आलेला आकडा आजचा आहे की शिळा, हे तपासतो. शिळा निघाला तर लाल दिवा लावतो आणि मदतनिसाला बजावतो, याच्या भरवशावर कुणाला काही सांगू नकोस.

त्या वर्षी परतीचा पाऊस जोरात होता. मल्हारकाकांची मेंढरे तेव्हा कराडच्या खाली कृष्णेच्या मळीत, म्हणजे अगदी काठच्या सपाट रानात बसली होती. रानाच्या मालकाला मेंढरांच्या लेंड्यांचे खत हवे होते आणि अजून एक मुक्काम बाकी होता. एके सकाळी नदीच्या सर्व्हरने मला झटपट उत्तर दिले. आकडा लहान होता, घाबरण्यासारखा मुळीच नव्हता. पण तो कालचा होता. मी लाल दिवा लावला.

भोंगा ऐकून नानासो गुडघे धरत आले. "राणे, तुझ्या नदीचं लाल झालंय गं."

राणी दुरुस्तीला बसली. तिकडे बनाबाईंनी मदतनिसाला विचारले होते, "नदीचं पानी वाढतंय का रं?"

तो म्हणाला, "नदीचा ताजा आकडा आत्ता माझ्याकडे नाही. जुन्यावरून सांगणार नाही. गावात विचारून खात्री करा."

मल्हारकाका वैतागले. "रोज सांगतंय, आजच काय झालं त्याला? ऱ्हाऊया की आजचा दिस."

"आवं, त्यालाच कळंना म्हनतंय. म्या बघून येते," म्हणत बनाबाई गावात गेल्या. कोयना धरणाचे दरवाजे उघडले होते आणि गावात दवंडी चालली होती. दोघांनी घाईघाईने मेंढरे वर सडकेला काढली. कोकरे बनाबाईंनी पदरात घालून नेली. दिवस मावळायच्या आत ती मळी पाण्याखाली होती.

दिवाळीनंतर बनाबाई विट्याला आल्या. त्यांना "न्हाई कळत" म्हणणाऱ्याला बघायचे होते. राणीने सांगितले, मदतनिसाला तसे बजावणारा हा. त्या माझ्यासमोर खाली बसल्या. पदराने माझी धूळ पुसली. माझा पंखा आता खरखर करतो, ती खरखर त्यांनी कान लावून ऐकली.

"ह्यो समद्यांस्नी इचारतोय," त्या म्हणाल्या. "ह्याला कोन इचारतं गं?"

नानासोंनी माझ्याकडे पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली.

मित्रांनो, एरवी मला कुणी पुसले की मी सुखावतो, पण त्या दिवशी मला रडू आले असते. तुमच्याही घरात सगळ्यांची विचारपूस करणारे कुणीतरी असेल. ते तक्रार करत नाही म्हणून त्याचे सगळे ठीक आहे असे समजू नका. जवळ बसा, त्याची खरखर ऐका. कारण लाल दिवा मीच लावतो. मी बंद पडलो, तर तो बदलणारे कुणी उरणार नाही आणि भिंतीवरचे सगळे दिवे हिरवेच राहतील.